माहीमचे फकीह मखदूम अली

आमच्या रायगड किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी जो मनुष्य रेवदंडा, मुरूड अथवा श्रीवर्धन येथील वाळूत उभा राहील, त्याच्या कानी दोन ध्वनी एकदम पडतील. एक समुद्राचा व दुसरा गावातील मशिदीतून येणाऱ्या बांगेचा. समुद्र आमच्या पश्चिमेस आहे. आणि कोकणातून पाहता मक्का शहरही पश्चिमेसच, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. म्हणून आमचे मुसलमान शेजारी नमाजास उभे राहतात तेव्हा त्यांचे मुख समुद्राकडे असते. ही नमाज आम्ही बालपणापासून पाहत आलो. परंतु पाहणे निराळे आणि जाणणे निराळे. ती जाणून घेण्याची बुद्धी आम्हांस आमच्याच हातून घडलेल्या एका प्रमादाने दिली. तो प्रमाद आमचा असल्यामुळे तो येथे प्रथम सांगणे योग्य होय.

काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका शुक्रवारी आमच्या दहावीच्या वर्गात चाचणी चालू होती. एक मुलगा मधल्या सुटीनंतर बऱ्याच वेळाने, नखशिखांत भिजून दारात उभा राहिला. तो तरीतून खाडी ओलांडून आपल्या गावी जुम्म्याच्या नमाजास गेला होता व तर परत सुटण्यास विलंब झाला होता. दिवसातून पाच वेळा तेच ते शब्द उच्चारावयाचे, तर एक वेळ न उच्चारल्याने काय बिघडले असते, असे आम्ही सर्व वर्गासमक्ष बोललो, आणि तास संपेपर्यंत त्यास दाराबाहेर उभे केले. मुलाने एक शब्दही काढला नाही. तो ताठ व शांत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. त्यांचा जन्म जहाजांवर खलाशाचे काम करण्यात गेला होता. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी एवढेच समजावून सांगितले की, कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असून त्या पंथाच्या शास्त्राप्रमाणे जुम्म्याच्या सामुदायिक नमाजास गावातील निदान चाळीस प्रौढ पुरुष लागतात. गावातील बहुतेक तरुण पोटासाठी आखाती देशांत गेलेले. त्यामुळे दर शुक्रवारी माणसे मोजावी लागतात, आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेला त्यांचा नातू त्या मोजणीत धरला जातो. मग त्यांनी आम्हांस विचारले की, तुमच्या शाळेतही रोज सकाळी एकच प्रार्थना म्हणतात, तिचा तुम्हांस कंटाळा येतो काय? या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. जाता जाता त्यांनी, एका मुलाने रात्रभर उभे राहिल्याची गोष्ट सांगितली. तो मुलगा म्हणजे माहीमचे मखदूम अली. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही त्यांचे चरित्र अभ्यासिले. तेच आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

मखदूम अली यांचा काळ समजण्यासाठी प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. इस्लाम धर्म आमच्या किनाऱ्यावर आला तो पुष्कळ अंशी गलबतांतून, व्यापाऱ्यांसमवेत आला. आज ज्यास आपण चौल म्हणतो, त्यास अरब प्रवासी सैमूर म्हणत. अल्‌ मसूदी नावाचा विद्वान प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, तेथे आला होता. त्या समयी तेथे झंझ नावाचा शिलाहार राजा राज्य करीत होता. मसूदीने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती तेथे असल्याचे लिहून ठेविले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच येथेच जन्मलेलेही होते. हिंदू राजा त्यांच्यापैकीच एका मान्यवर गृहस्थास त्यांचा मुख्य नेमी व तो त्यांचे तंटे त्यांच्या शास्त्राप्रमाणे मिटवी. त्या शतकातील दुसऱ्या अरब ग्रंथकारांनी या किनाऱ्यावरील जुम्मा मशिदींचाही उल्लेख केला आहे. तात्पर्य, आमच्या जिल्ह्याच्या भूमीवर अकराशे वर्षांपूर्वीही नमाज होत होती, आणि तिला राजाश्रय होता.

अशा अरब व्यापाऱ्यांच्या वंशांतून व स्थानिक कुटुंबांच्या संबंधांतून कोकण किनाऱ्यावर जो समाज निर्माण झाला, त्यापैकी एका शाखेस नवायत म्हणतात. या नवायत कुळात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीम येथे अली यांचा जन्म झाला. हे माहीम म्हणजे मुंबईचे माहीम होय. त्या काळी मुंबई शहर नव्हते. सात निरनिराळी बेटे होती आणि माहीम हे त्यांतील एक महत्त्वाचे ठाणे होते. अलींच्या पित्याचे नाव शेख अहमद व मातेचे नाव फातिमा असे सांगतात. पिता लवकर निवर्तले आणि पुत्राचे संगोपन व शिक्षण यांचा भार मातेवर पडला.

आता ती गोष्ट. एके रात्री माता अंथरुणावर पडली असता तिला तहान लागली व तिने पुत्राजवळ पाणी मागितले. अली पेला भरून घेऊन आले. तो मातेचा डोळा लागला होता. तिला जागे करावे तर झोपमोड होईल. पेला ठेवून निजावे तर ती जागी होऊन पुन्हा मागेल तेव्हा आपण हजर नसू. म्हणून तो बालक हातात पेला घेऊन तिच्या उशाशी उभा राहिला. रात्र सरली. पहाटे माता जागी झाली, तेव्हा पुत्र त्याच ठिकाणी, तसाच उभा असलेला तिने पाहिला. तिचे अंतःकरण भरून आले आणि तिने त्याच्यासाठी परमेश्वराजवळ कृपेची याचना केली. त्या मातेच्या प्रार्थनेनेच अलींस पुढील थोरवी लाभली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

ही आख्यायिका होय. तिचा कागदोपत्री पुरावा मागू नये. परंतु तिच्यात अलींच्या जीविताचे मर्म साठविलेले आहे. मखदूम या अरबी शब्दाचा अर्थ ज्याची सेवा केली जाते तो. आणि खादिम म्हणजे सेवा करणारा. दोन्ही शब्द एकाच धातूपासून झालेले. जो एका रात्री खादिम होऊन उभा राहिला, त्यास पुढे सर्व कोकणाने मखदूम म्हटले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी एक आख्यायिका त्यांच्या विद्याभ्यासाविषयी आहे. अलींस विद्येसाठी परदेशी जाण्याची उत्कंठा होती. परंतु एकट्या मातेस सोडून जाणे त्यांच्याने होईना. तेव्हा माहीमच्या समुद्रतीरावर ख्वाजा खिज्र यांनी येऊन त्यांस शिकविले, असे लोक सांगतात. खिज्र हे इस्लामी परंपरेतील चिरंजीव मार्गदर्शक होत. ते जलाशी निगडित मानले जातात व खलाशी लोक त्यांचे विशेष स्मरण करितात. या कथेचा साधा अर्थ आम्ही असा घेतो की, हा तरुण मोठ्या विद्यापीठात न जाता आपल्या किनाऱ्यावरच राहून विद्वान झाला, आणि लोकांस त्याचे नवल वाटले. नवल वाटण्याजोगी ती गोष्ट होतीच. अरबी भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व होते की, त्यांचे ग्रंथ पुढे अरब देशांतही वाचले गेले.

त्या काळी माहीम गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. सुलतान अहमदशहा (इ. स. १४११ ते १४४२) याच्या कारकीर्दीत अलींनी माहीमचे काजी म्हणून न्यायदानाचे काम केले, असे परंपरा सांगते. फकीह म्हणजे धर्मशास्त्रवेत्ता. ही पदवी त्यांच्या नावास कायमची जडली. तो काळ शांततेचा नव्हता. त्यांच्या वृद्धापकाळी, इ. स. १४३० च्या सुमारास, बहामनी सुलतानाच्या सेनापतीने माहीम काबीज केले व गुजरातच्या आरमाराने ते लढून परत घेतले. दोन्ही बाजूंचे राजे मुसलमान, सैनिक मुसलमान. तरी रक्त सांडावयाचे ते सांडलेच. आज त्या सेनापतींची नावे इतिहासाच्या अभ्यासकांसच ठाऊक. पण त्याच बेटावर बसून लेखणी चालविणाऱ्या फकीहाचे नाव घरोघर आहे.

त्यांच्या ग्रंथांत श्रेष्ठ म्हणजे कुराणावरील त्यांचे अरबी भाष्य. त्याचे नाव तब्सीरुर्‌रहमान. हे भाष्य एकोणिसाव्या शतकात इजिप्त देशातील काहिरा शहरी बुलाकच्या प्रसिद्ध छापखान्यात छापले गेले. याखेरीज इब्न अरबी या थोर तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथावर त्यांनी टीका लिहिली. आणि धर्माज्ञांच्या मागील हेतू कोणते याचाही त्यांनी एका स्वतंत्र ग्रंथात विचार केला. आज्ञा पाळावी, आणि ती का आहे हेही समजून घ्यावे, असा त्यांचा बाणा दिसतो.

त्या भाष्यातील एक विशेष आमच्या प्रश्नाशी निगडित आहे. तो नीट समजावून घेऊ. कुराणात ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आहेत. त्यांपैकी नववा अध्याय वगळता प्रत्येकाच्या आरंभी एकच वाक्य येते. त्यास बिस्मिल्ला म्हणतात. अल्लाच्या, जो रहमान व रहीम आहे त्याच्या, नावाने आरंभ, असा त्याचा आशय आहे. म्हणजे एकच वाक्य ११३ वेळा आरंभी आले. भाष्यकाराने पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ सांगितला म्हणजे काम संपले, असे कोणासही वाटेल. फकीह अलींनी तसे केले नाही. त्यांनी प्रत्येक अध्यायाच्या आरंभी त्याच वाक्याचा अर्थ पुन्हा, त्या त्या अध्यायाच्या विषयास अनुसरून, निराळा उलगडून दाखविला. शब्द तेच; परंतु पुढे येणारा विषय बदलला की दयेचे दुसरे अंग दिसू लागते, ही त्यांची दृष्टी. आम्ही वर्गात काढलेल्या त्या उतावळ्या उद्गाराचे खंडन या गृहस्थाने सहाशे वर्षांपूर्वी इतक्या परिश्रमाने करून ठेविले होते.

रहमान व रहीम हे दोन्ही शब्द दयावाचक आहेत. अरबी भाषेत दया आणि मातेचे गर्भाशय यांची नावे एकाच धातूपासून झाली आहेत. मातेच्या उशाशी रात्रभर उभ्या राहिलेल्या पुत्राने आयुष्याची वर्षे या दोन शब्दांच्या चिंतनात घालवावी, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

बिस्मिल्लाचे महत्त्व शाफई पंथात विशेष आहे. त्या पंथात ते वाक्य पहिल्या अध्यायाचा, म्हणजे फातिहाचा, भाग मानितात. आणि ज्या नमाजांत पठण मोठ्याने होते, त्यांत इमाम तेही मोठ्याने म्हणतो. इमाम शाफई यांची ही परंपरा अरबी समुद्राच्या व्यापारमार्गाने कोकणात आली व येथे दृढ झाली. देशावरील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. दोन्ही पंथ एकमेकांस प्रमाण मानितात. भेद आहेत ते तपशिलाचे.

फकीह अलींच्या नावाने फिक्ह-ए-मखदूमी हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात शाफई पंथाप्रमाणे उपासनेचे नियम सामान्य माणसासाठी दिले आहेत. महाभाष्य लिहिणारा पंडित हातपाय कसे धुवावे हे सांगण्यासही बसतो, यात त्याचा मोठेपणा आहे. त्या नियमांची ओळख आमच्या मुसलमानेतर विद्यार्थ्यांस असावी म्हणून थोडक्यात देतो.

नमाजापूर्वी वजू करावयाचा. शाफई मताने त्याची आवश्यक अंगे सहा आहेत: मनात संकल्प, मुख धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, मस्तकाच्या काही भागावरून ओला हात फिरविणे, घोट्यांपर्यंत पाय धुणे, आणि हे सर्व याच क्रमाने करणे. संकल्प प्रथम आहे हे पाहा. मनावाचून धुतलेले हात धुतले गेले असे शास्त्र मानीत नाही. पाणी न मिळाल्यास अथवा आजारात पाणी बाधत असल्यास शुद्ध मातीने शुद्धी करण्याची मोकळीक आहे.

नमाजाच्या वेळा सूर्यावरून ठरतात. पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत फजर, मध्यान्ह कलल्यावर जुहर, दुपार उतरल्यावर असर, सूर्यास्तानंतर मगरिब, आणि संधिप्रकाश मावळल्यावर इशा. असरची वेळ शाफई मताने, माध्यान्हीची छाया वजा करून, वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली म्हणजे सुरू होते. हनफी मताने ती दुप्पट व्हावी लागते. म्हणून एकाच शहरातील दोन मशिदींत असरची बांग वेगवेगळ्या वेळी ऐकू आली, तर त्यात कलह नसून दोन गणिते आहेत, असे समजावे.

उभे राहणे, वाकणे, साष्टांग मस्तक टेकणे व बसणे यांच्या एका आवर्तनास रकात म्हणतात. पाच वेळांच्या आवश्यक रकाती अनुक्रमे २, ४, ४, ३ व ४, मिळून १७ होतात. आणि प्रत्येकीत फातिहा असतेच. शाफई लोक पहाटेच्या नमाजात दुसऱ्या रकातीस, वाकून पुन्हा उभे राहिल्यावर, हात पसरून एक विशेष प्रार्थना करितात. जो आजारी आहे त्याने बसून, तेही न साधल्यास पडून नमाज करावी. दूरच्या प्रवासात असलेल्यास चारांच्या जागी दोन रकातींची, आणि दोन वेळा एकत्र करण्याची सवलत आहे. ज्या समाजाची पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर राहिली, त्यास ही सवलत किती उपयोगी पडली असेल! नियम कठोर दिसतो. परंतु दुर्बळ, रोगी व वाटसरू यांच्यासाठी त्यात जागा राखलेली आहे.

या सर्वांत उभे राहणे प्रथम येते. नमाजात मनुष्य हात बांधून, दृष्टी खाली ठेवून, जेथे मस्तक टेकावयाचे त्या जागेकडे पाहत उभा असतो. ते पाहताना आम्हांस त्या पेला धरलेल्या मुलाची आठवण होते. माता निजली होती. तिने त्याजकडे पाहिले नाही, त्याची प्रशंसा केली नाही. तरी तो जागा राहिला. उपासना म्हणजे अशीच जागृती होय. आणि जो घरात तहानलेल्यासाठी उभा राहू शकत नाही, त्याचे मशिदीत अथवा देवळात अथवा चर्चमध्ये उभे राहणे अपुरेच म्हटले पाहिजे.

शब्द रोज तेच असल्याने प्रार्थना निर्जीव होते, हा समज आमच्या किनाऱ्याच्या दुसऱ्या एका इतिहासानेही खोटा ठरतो. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल लोक स्वधर्मीयांपासून शतकानुशतके तुटले होते. त्यांचे ग्रंथ हरपले, भाषा हरपली. पण शेमा ही एक प्रार्थना त्यांच्या मुखी टिकली, असे त्यांची परंपरा सांगते. पुनरुक्तीनेच ती वाचली.

फकीह मखदूम अली हिजरी ८३५ मध्ये, म्हणजे इ. स. १४३१-३२ च्या सुमारास, माहीम येथे परलोकवासी झाले. तेथेच त्यांचा दर्गा आहे, आणि त्यांच्या मातोश्रींची कबरही तेथेच आहे. दरवर्षी डिसेंबर महिन्यात तेथे मोठा मेळा भरतो व त्यात पहिला मान मुंबई पोलिसांकडून येणाऱ्या चादरीचा असतो. सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळून जाणारा लांब उड्डाणपूल आमच्या पालकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल; त्यास कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. कुतुब म्हणजे ध्रुव. कोकणच्या खलाशांनी आपल्या संतास ध्रुवाची उपमा द्यावी, हे साहजिक आहे.

आता आमच्या प्रमादाविषयी शेवटचे दोन शब्द. त्या मुलाची आम्ही सर्व वर्गासमक्ष अवहेलना केली होती, म्हणून क्षमाही सर्व वर्गासमक्ष मागितली. त्यानंतर मुख्याध्यापकांस विनंती करून शुक्रवारची मधली सुटी वीस मिनिटांनी वाढविली व शेवटचा तास तितकाच पुढे नेला. इतक्या सोप्या उपायाने जे साधणार होते, ते आम्हांस इतकी वर्षे सुचले नाही, कारण आम्ही शेजाऱ्याची उपासना पाहत होतो, जाणत नव्हतो.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे राहिले होते. खरे उत्तर असे की, होय, प्रभूने शिकविलेली प्रार्थना रोज म्हणताना आम्हांस कित्येक वेळा कंटाळा येत असे. आणि तो दोष शब्दांचा नव्हता. आम्ही खाडी ओलांडून त्यांच्या घरी गेलो व तसे सांगितले. म्हातारे हसले, आणि आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी पाण्याचा पेला आणला.